रिकाम्या खुर्चीचा श्वास

वरवंड सोडून सोलापूरच्या बाजूला थोडं पुढे गेलं, की हायवेला लागून एक बंद पडलेला ढाबा आहे. त्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या गुरुवारी सकाळी आठ वाजताच पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर पिकअप होत्या, ट्रॅक्टर होते, पार इंदापूरकडून आलेल्या गाड्या होत्या, आणि एक रुग्णवाहिकाही होती. ती दवाखान्यातून पेशंट घेऊन इथे आली होती. उलट्या दिशेने कुणी जात नव्हतं.

आत, शेडच्या टोकाला एक लाकडी देव्हारा होता. त्याला सगळीकडून भगवं कापड गुंडाळलेलं, त्यामुळे आत मूर्ती आहे की नाही हे कुणालाच दिसत नव्हतं. देव्हाऱ्याच्या शेजारी कमरेएवढी समई. तिच्यात तेल नव्हतं, वात नव्हती. वातीच्या जागी काचेची ज्योत बसवली होती. समोर चार हातांवर एक प्लास्टिकची खुर्ची. नंबर आलेला माणूस खुर्चीवर बसायचा, ज्योत तीनदा लुकलुकायची, आणि मग ती श्वास घेऊ लागायची. माणसाने श्वास आत घेतला की ज्योत फुलायची, सोडला की मंद व्हायची. दम्याची म्हातारी बसली तर ज्योतही धापा टाकायची. खुर्चीला वायर नाही, नळी नाही, कुणी अंगाला हातसुद्धा लावत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

देव्हाऱ्यामागे मांडी घालून बसलेल्या इसमाला लोक मच्छिंद्र महाराज म्हणत. चाळिशीचा, दाढी नुकतीच वाढवायला घेतलेला, आवाज मात्र खणखणीत.

“विज्ञान काय म्हणतं? श्वास म्हंजी ऑक्सिजन. शास्त्र काय म्हणतं? श्वास म्हंजी प्राण. आन् समई काय म्हणते? समई म्हणत न्हाई, समई दावते. डॉक्टरला कानात नळी घालावी लागते, तरी त्याला निम्मंच ऐकू येतं. ईसीजी, टूडी, थ्रीडी, समदं हिच्यात हाय. तीन येळा डोळा मिटला ना, ती ब्रह्मा-विष्णू-महेशाची हजेरी. हजेरी लागली की रिपोर्ट चालू.”

त्याचे नियम होते. देव्हाऱ्यासमोर आरतीचं ताट आडवं धरायचं नाही, फुलं पानांच्या द्रोणातच आणायची. ज्यांचा आजार बळावलाय त्यांनी दुपारच्या नंबराला यायचं, कारण दुपारी समई प्रसन्न असते. लोकांनी हे नियम इतके पाठ केले होते, की नवख्या माणसाला दारातच समजावून सांगत.

आम्ही चौघं गेलो होतो. माझे सासरे सोपानराव, त्यांना मी मामा म्हणते. सासूबाई विठाबाई, त्यांना आत्या. मी, आणि माझ्या कडेवर दहा महिन्यांची प्रांजल. माझा नवरा हृतिक सणसवाडीला कामाला असतो, तिथेच खोली घेऊन राहतो, रविवारी घरी येतो. लग्नानंतर चार वर्षं मीही त्याच खोलीत राहून तिथल्या एका कंपनीत काम केलं. प्रांजलच्या वेळी दिवस राहिले आणि काम सुटलं.

मामा फुलांची शेती करतात. करायचे. शेवंती त्यांची खास. दोन वर्षांपूर्वी त्यांना चालताना दम लागायला लागला, तेव्हा दौंडच्या डॉक्टर अनुपमा मॅडमनी तपासून सांगितलं, की हृदय कमी जोराने पंप करतंय, त्यामुळे अंगात पाणी साठतं. त्यांनी ज्या गोळ्या दिल्या त्यातली एक पाणी काढायची होती. सकाळी घेतली की मामांना दोन-तीन तास सारखं लघवीला जावं लागे. सकाळचीच वेळ फुलं घेऊन पुण्याला जायची. पिकअपवाल्याला वाटेत तीन-तीनदा थांबायला सांगावं लागायचं, आणि बरोबरची माणसं हसायची. एकदा ऐन लिलावात, माणसांच्या गराड्यात, मामांना बाहेर निघता आलं नाही. घरी येऊन त्यांनी पायजमा बादलीत स्वतः भिजवून ठेवला, वर पाणी जास्तीचं ओतलं. मी धुतला. त्या दिवसापासून मात्र ते गोळीकडे बघायचे ते एखाद्या दुष्ट भाऊबंदाकडे बघावं तसे.

म्हणून खुर्चीवर बसल्यावर जेव्हा ज्योत संथ वर-खाली होऊ लागली आणि महाराज म्हणाला, “आबा, दोरी शाबूत हाय. आता गोळ्यांचं काम न्हाई,” तेव्हा मामांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला विसरता येत नाही. शाळा सुटल्यासारखं. त्यांनी बंडीच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि देव्हाऱ्यापाशी ठेवून दिली. तिथे असा ढीगच होता. साखरेच्या, रक्तदाबाच्या, फिटच्या गोळ्या, आणि श्वासाचे पंप.

मग आत्यांनी मला पुढे केलं. बाळंतपणापासून मला दम लागतो, असं मीच कधीतरी म्हटलं होतं. प्रांजलला आत्यांकडे देऊन मी बसले. ज्योत तीनदा लुकलुकली.

आणि माझा श्वास थांबला.

घाबरून नव्हे. सवयीने. मी ठरवलंसुद्धा नव्हतं. तीनदा लुकलुक झाली आणि माझ्या छातीने आपणहून दार लावून घेतलं. ज्योत जागच्या जागी थिजली. ना वर, ना खाली. शेडमध्ये कुणी हललं नाही. महाराजाचंही तोंड उघडं राहिलं, कारण असं त्यानेही पूर्वी पाहिलं नसावं. बारा सेकंद झाले तेव्हा मी श्वास सोडला आणि ज्योत पुन्हा चालू झाली. बारा हा आकडा मी मोजला नव्हता, तो माझ्या अंगात होता.

महाराज लगेच सावरला. म्हणाला, सुनेवर छाया आहे, मरणाची वाट मध्येच उघडते. आत्यांनी प्रांजलला छातीशी घट्ट धरलं आणि घरी पोचेपर्यंत माझ्याकडे दिली नाही. ती दुधासाठी रडत होती.

आता त्या बारा सेकंदांचं सांगते.

आमच्या कंपनीत नखाएवढी एक चिप लावलेला छोटा बोर्ड बनायचा. चारचाकी गाडीत मागच्या सीटवर कुणी झोपलेलं बाळ विसरून उतरलं, काचा बंद, वर ऊन, तर ते बाळ ओळखून गाडीला आवाज करायला लावायचा, हे त्याचं काम. ती चिप मायक्रोवेव्ह सोडते. डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी त्या. त्या कापडातून, लाकडातून, प्लास्टिकमधून आरपार जातात, धातूवरून मात्र परत फिरतात. माणसाच्या अंगावर आदळूनही परत येतात. श्वास घेताना छाती थोडीशी, पार मिलिमीटरभरही, पुढे आली तरी परत येणाऱ्या लहरीत फरक पडतो, आणि चिप तो पकडते. दुलईखाली झोपलेल्या तान्ह्याचा श्वाससुद्धा. आमचे इंजिनिअर सांगायचे, की याच कामाला पूर्वी कपाटाएवढं यंत्र लागायचं. लहर बनवणारा भाग वेगळा, पकडणारा वेगळा, मधे पितळी नळ्या. आता ते सगळं एका दाण्यात आलंय. पण दाण्यात आल्यामुळेच अवघड झालंय. इतक्या बारीक जागेत सगळं दाटीने बसवलं, की ते तापतं, आणि तापलं की सरकतं. काल बरोबर सांगणारी चिप आज उन्हात काहीतरी भलतंच सांगते. निम्मी लढाई त्या उष्णतेशीच चालायची.

मी सहा नंबरच्या स्टेशनवर टेस्टिंगला होते. बोर्ड जिगमध्ये, म्हणजे तपासायच्या साच्यात, ठेवला की त्याचा दिवा तीनदा लुकलुकायचा. म्हणजे आता तो ‘रिकामं’ काय असतं ते शिकतोय. तेवढे बारा सेकंद वाकून बसलेल्या बाईने श्वास घ्यायचा नाही, नाहीतर बोर्ड तिचाच श्वास रिकामा म्हणून शिकतो. “धर,” अशी हाक लाइनवर सारखी चाले. एका पाळीत चारशे वेळा. चार वर्षं. प्रांजल पोटात असताना मी धरलेला श्वास तिलाही कळत असेल का, असं मला तेव्हा वाटायचं.

म्हणून त्या शेडमध्ये माझ्या छातीने जे ओळखलं ते डोक्याला नंतर कळलं. देव्हाऱ्यात देव नव्हता. आमचा बोर्ड होता. रिकामं काय ते बोर्ड कंपनीतच एकदा शिकतो, नंतर चालू करताना नुसता तीनदा लुकलुकतो. प्रत्येक नंबराला महाराज गुडघ्याखालचं बटण दाबून तो नव्याने चालू करत होता, तीच ब्रह्मा-विष्णू-महेशाची हजेरी. आणि धातूचं ताट मधे आलं की समई अडते, एवढं त्याला अनुभवाने कळलेलं होतं.

घरी आल्यावर मी ओसरीत बसून मामांना हे सगळं नीट सांगितलं. मला वाटलं, ते हसतील आणि पट्टी परत आणायला मला पाठवतील.

आत्यांनी आधी विचारलं, “मायक्रोवेव्ह म्हंजी ते पाव गरम करत्यात तेच ना? मग ह्यांच्या अंगावर कशाला सोडतोय त्यो?”

मी म्हणाले, लहर त्याच जातीची, पण जोर मुंगीएवढाही नाही. त्याने काही होत नाही.

मामा मात्र वेगळ्याच ठिकाणी पोचले होते. त्यांनी मला विचारलं, “म्हंजी महाराजाकडचं मशीन तुमच्या कंपनीचं हाय?”

“हो मामा.”

“तू चार वर्षं सांगत व्हतीस, भिंतीआडचा श्वास धरतंय. लेकराचा बी धरतंय. परदेशी गाड्यांत बसवत्यात. सांगत व्हतीस ना?”

“हो, पण…”

“मग ते खोटं कसं आसंल, पोरी? देव आसता तर मी बी जरा शंका घेतली आसती. हे तर कंपनीचं हाय.”

मी चमत्काराचं भांडं फोडायला गेले होते, आणि मीच त्याला कंपनीचा शिक्का देऊन बसले. त्या दिवसापासून मामांची श्रद्धा दुप्पट झाली. आधी ते महाराजावर विश्वास ठेवत होते, आता माझ्यावर ठेवत होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आमच्या सुनेच्या हातचं मशीन हाय, दौंडच्या बाईपेक्षा भारी.

मी परत परत सांगितलं. बोर्ड फक्त एवढंच सांगतो, की समोर कुणीतरी श्वास घेतंय. तो श्वास पुरतोय का, छातीत पाणी आहे का, हे तो सांगत नाही. श्वास चालू असणं आणि माणूस बरा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मामा प्रेमाने ऐकायचे आणि म्हणायचे, “चालू हाय ना? मग झालं की.”

फोनवर हृतिक म्हणाला, रविवारी येतो, तोवर वाद घालू नकोस. रविवारी आला तेव्हा मामा पुण्याला फुलं देऊन एकदाही न थांबता आले होते आणि तो पराक्रम सगळ्यांना सांगत होते. हृतिक मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, “निदान खूश तरी आहेत गं.” मी त्याला दोष देत नाही. मलाही ते खूश दिसत होते.

दहाव्या-अकराव्या दिवशी मामांच्या चपलेचा पट्टा बसेना. मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला, तर खड्डा तसाच राहिला. पीठ मळताना बोट रुतावं तसा. प्रांजल शेजारी रांगत होती, तिने त्या खड्ड्यात आपलं बोट घातलं आणि हसली. मामाही हसले. मी दौंडला फोन लावला, मॅडम म्हणाल्या लगेच घेऊन या. मामा म्हणाले, आधी समईला विचारू.

समईला विचारलं, दुपारच्या नंबराला. समई प्रसन्न होती.

तेव्हा मी सुषमाला फोन केला. सुषमा आमच्या लाइनची लीडर, लातूरकडची, अजून तिथेच काम करते. मी तिला देव्हाऱ्याचा आणि महाराजाचा फोटो पाठवला. तिचा पाच मिनिटांत उलट फोन आला आणि ती आधी नुसती हसतच राहिली. म्हणाली, “अगं हा महाराज कसला, हा भंगारच्या गाडीवरचा मच्छिंद्र. तू गेल्यावर आमच्या गेटवर चहा प्यायला यायचा. गोड बोलून पोरींकडनं बोर्ड कसा चालतो ते विचारत बसायचा.”

मग तिचं हसू थांबलं. माझ्यानंतर काही महिन्यांनी एक लॉट पूर्ण नापास झाला होता, हे तिने सांगितलं. सकाळी थंड असताना ते बोर्ड अगदी बरोबर चालत. पण भट्टीत ठेवून तापवले, की त्यांच्या आतला गोंगाट वाढायचा आणि बोर्ड त्या गोंगाटालाच श्वास समजायचा. समोर कुणी असो नसो, एकसारखा, छान, संथ श्वास दाखवायचा. लाइनवर त्याला ‘गरम लॉट’ म्हणत. उन्हात तापलेल्या गाडीत ज्याची खरी गरज, तिथेच तो खोटं बोलणार, म्हणून तो मोडून टाकायचा हुकूम होता. मोडायला दिलेला माल मच्छिंद्रच्याच गाडीतून गेला होता.

“निळा ठिपका बघ,” सुषमा म्हणाली. “रिजेक्टला आम्ही निळा ठिपका देतो. ठिपका असेल तर समज मोनाली, दुपारी तो बोर्ड खुर्चीलासुद्धा जिवंत म्हणेल.”

दुपारी समई प्रसन्न का असते ते मला तेव्हा कळलं. मे महिना, वर पत्रा. मच्छिंद्रला कारण माहीत नसणार. त्याला एवढंच उमगलं असणार, की सकाळी ज्यांची ज्योत अडखळते, त्यांची दुपारी सुधारते. म्हणून अत्यवस्थ माणसं तो नेमकी दुपारी बोलवायचा.

मामांना मी हेही सांगितलं. पण आता माझं कुणी ऐकेना, कारण छाया असलेली बाई महाराजाविरुद्ध बोलणारच, हे गावात पक्कं झालं होतं. मामांना झोपलं की दम लागायचा, म्हणून ते दिवसभर भिंतीला टेकून बसून राहायचे. बोलताना वाक्य मधेच तुटायचं. तरी पुढच्या मंगळवारी त्यांनी दुपारचा नंबर लावला. पिकअपमध्ये त्यांना दोघांनी धरून चढवलं. मी प्रांजलला कडेवर घेऊन मागे बसले. आत्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

शेड भाजत होती. मामांना खुर्चीवर बसवलं. त्यांची मान पुढे आलेली, खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते, मिनिटाला चाळीस तरी असतील. आणि शेजारी ज्योत संथ, शांत, झोपलेल्या बाळासारखी वर-खाली होत होती. डोळे असलेल्या कुणालाही दिसलं असतं, की ही दोन लयींची जोडी जुळत नाही. पण मामांकडे कुणी बघतच नव्हतं. सगळे समईकडे बघत होते.

“बघा,” महाराज म्हणाला, “शरीर नाटक करतंय, प्राण शांत हाय.”

मी पुढे गेले. म्हणाले, मामांना बाजूच्या बाजेवर बसवा, आणि खुर्ची रिकामी राहू द्या. फक्त एवढंच करा. महाराज म्हणाला, छाया बोलतेय, तिला बाहेर काढा. तेव्हा पुढच्या रांगेतली गिताबाई नावाची एक म्हातारी म्हणाली, “बोलू द्या की. लेकरू हाय कडंवर तिच्या.” तिच्यामुळे दोघांनी मामांना उचलून बाजेवर नेलं. खुर्चीमागच्या लोकांना मी हात जोडून भिंतीपर्यंत सरकवलं. खुर्चीच्या आसपास कुणी उरलं नाही.

रिकाम्या खुर्चीसमोर ज्योत श्वास घेत होती. वर, खाली. वर, खाली.

शंभर-दीडशे माणसांनी ते पाहिलं. मला वाटलं, झालं. यापुढे एक शब्दही सांगायची गरज नाही. मला त्या क्षणी आनंद झाला होता, हे लिहायला लाज वाटते.

गिताबाई उठली. तिने द्रोणातलं एक फूल घेतलं, चप्पल काढली, खुर्चीपाशी गेली आणि ते बैठकीवर ठेवलं. मग हळूच विचारलं, “महाराज, कोण बसलंय?”

महाराजाच्या कपाळावर घाम होता. क्षणभर तो त्या म्हातारीकडे नुसता बघत राहिला, जणू तिने त्याला विहिरीतून वर काढलं होतं. मग म्हणाला, “वळखलंस माऊली. बाकी समदे आंधळे.”

मागून एकाने हात जोडले. मग त्याच्या मागच्याने. बायका डोक्यावर पदर घेऊ लागल्या. रिकाम्या खुर्चीला माणसं नमस्कार करू लागली.

मग मी कापड ओढलं. महाराजाने दुसरं टोक धरलं, प्रांजल घाबरून रडायला लागली, आणि त्या ओढाताणीत देव्हारा कलंडला. आत मूर्ती नव्हती. एक बॅटरी होती, वायरी होत्या, आणि दोन बोटांएवढा हिरवा बोर्ड, त्यावर निळा ठिपका. मी तो वायरीसकट वर धरला. ज्योत अजून चालूच होती. मी ओरडले नाही, ओरडायला जीव नव्हता. एवढंच म्हणाले, की हा कंपनीने फेकून दिलेला माल आहे, तापला की खोटं बोलतो, याने तुम्हाला दुपारी जे जे सांगितलं ते सगळं खोटं आहे. मी वायर उपटली. ज्योत गेली.

पुढचं मला तुकड्यांत आठवतं. काही माणसं उठून गुपचूप देव्हाऱ्यापाशी आली आणि त्या ढिगातून आपापल्या गोळ्या शोधू लागली. काही जण मला शिव्या देत होते, की देव बसला होता आणि हिने त्याला उठवलं. महाराज मागच्या दाराने मोटरसायकलवर निघून गेला. मी बाजेपाशी गेले. मामांचे ओठ जांभळे पडले होते. त्यांची नजर माझ्या तळहातावरच्या बोर्डवर होती.

“एवढंसं व्हय?” ते म्हणाले.

पिकअप दौंडला पोचायला अर्धा तास लागला. मॅडमनी मला एकच प्रश्न विचारला, गोळी कधी बंद केली. मी दिवस मोजले. वीस झाले होते. त्या लगेच कामाला लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मामा गेले.

ती खुर्ची आता शेडमध्येच आहे. तिला हार असतो. महाराज लागत नाही, समई लागत नाही. गिताबाई दर गुरुवारी पुसून घेते. मच्छिंद्रने शिक्रापूरच्या अलीकडे नवीन जागा घेतल्याचं सुषमाने सांगितलं. त्याच्याकडे गरम लॉटचे अजून शेकड्यांनी बोर्ड असणार. आम्ही पोलिसांत अर्ज दिलाय. त्यांनी तो ठेवून घेतलाय.

तेराव्यानंतर पाहुणे गेले, त्या दुपारी आत्या माझ्याजवळ येऊन बसल्या. प्रांजल माझ्या मांडीवर पीत होती. कितीतरी दिवसांनी त्यांनी तिच्या पायावर हात फिरवला. मग विचारलं, मामांच्या खुर्चीवर, म्हणजे ओसरीतल्या, ते बसायचे त्या, माझ्याकडे राहिलेली ती चिप ठेवली तर श्वास दिसेल का?

मी म्हणाले, “आत्या, तो त्यांचा श्वास नसेल. तापल्यावर ती कुठेही दाखवते. दगडासमोर ठेवली तरी दाखवेल.”

“म्हायती हाय गं,” आत्या म्हणाल्या. “तू समदं सांगितलंस की. मला कळलंय. तरी एकडाव आण.”

मी आणली नाही. आत्यांनी पुन्हा मागितली नाही, पण रोज दुपारी माझ्याकडे बघतात.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर तोच चमत्कार, माणूस न बसवता, रिकाम्या जागेवर करून दाखवायला सांगा. यंत्र पुढे केलं तर ते काय मोजतं आणि काय मोजत नाही ते विचारा, आणि कंपनीचं आहे म्हणून मान डोलावू नका. मी चार वर्षं अशी यंत्रं बनवली आहेत, म्हणून सांगते. दिव्याकडे बघण्याआधी खुर्चीतल्या माणसाकडे बघा. आणि हे सगळं माणूस समोर बसलेला असतानाच करा. नंतर सगळ्यांना सगळं कळतं, आणि कळून काहीही होत नाही.